इंदूरच्या जुन्या गल्ल्यांवर टेप धरून रेघ मारणं थांबवा

इंदूरमध्ये रस्ता रुंद करायचं ठरलं की सगळ्यात आधी सेंट्रल लाइन टाकतात. टीम येते, टेप धरतात, रस्त्याच्या मधोमध एक रेघ, तिथून दोन्हीकडे ठरलेले फूट मोजायचे आणि ज्याच्या घराचा जेवढा भाग त्यात आला तेवढ्यावर लाल निशाण. कुणाचा ओटला, कुणाची पुढची खोली, कुणाचं जिन्यासकट अर्धं घर. घर कशाचं बांधलंय, आत कोण राहतं, मागे सरकायला जागा आहे का, हे त्या टेपला कळत नाही आणि टेप धरणाऱ्याला ते विचारायचं काम दिलेलंच नसतं. मग नोटीस, मग मुदत, मग रिमूवलची गाडी आणि पोकलेन. माझं म्हणणं एवढंच आहे की राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या वस्त्यांमध्ये ही पद्धत बंद करा. रस्ते सुधारू नका असं कुणीच म्हणत नाहीये, मीही नाही. पण सुधारायचं असेल तर घर बघून, गल्लीगल्लीत फिरून, तिथल्या माणसांशी बोलून सुधारा.

आणि हे माझ्या डोक्यातून आलेलं काही नवीन नाही बरं का. याच शहराला शंभर वर्षांपूर्वी हे सांगून झालंय, आणि सांगणारा माणूस खुद्द होळकर दरबारने बोलावलेला होता. पॅट्रिक गेडिस. मूळचा स्कॉटलंडचा, शिक्षणाने जीवशास्त्रज्ञ, १९१४ च्या सुमारास हिंदुस्थानात आला आणि गावोगाव फिरून शहरांचे अहवाल लिहीत गेला. तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात तो इंदूरला आला आणि १९१८ मध्ये त्याचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल छापला गेला. त्याचा मुद्दा साधा होता. जुन्या वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढणं म्हणजे सगळ्यात महाग आणि सगळ्यात क्रूर उपाय, कारण त्यात गरिबाचं घर जातं आणि तो शेजारच्या आधीच दाटलेल्या गल्लीत जाऊन आणखी दाटी करतो. त्याऐवजी आधी पायी फिरा, प्रत्येक घर बघा, कुठलं पडायला आलंय, कुठली जागा रिकामी आहे, कुठे विहीर आहे, कुठे झाड, कुठे देऊळ. पडकं तेवढं काढा, रिकामी जागा चौकाला जोडा, कोपरा अडतो तिथे तेवढाच कोपरा मोकळा करा. चांगला डॉक्टर आधी पेशंट तपासतो आणि चाकू लागला तरी लागेल तेवढाच चालवतो, तसं.

गेडिसच्या इंदूरच्या मुक्कामातली दिवाळीची गोष्ट इथल्या प्रत्येक पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, आणि प्रत्येक इंजिनिअरला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. तेव्हा इथे प्लेगची भीती होती. गेडिस हातात नकाशा घेऊन गल्ल्यांमधून फिरायचा, आणि त्याच्या लक्षात आलं की लोक घाबरून मागे सरतात, बोट दाखवून एकमेकांच्या कानात काही बोलतात. त्याने बरोबरच्या माणसाला विचारलं तर कळलं की लोकांना वाटतंय प्लेग आणणारा साहेब तो हाच. लोकांची भीती चुकीची होती असं तरी कसं म्हणायचं, कारण नकाशा घेऊन साहेब आला की मागून घरं पाडणारे येतात हा त्या काळातल्या बऱ्याच शहरांचा अनुभव होता. दुसरा कुणी असता तर पोलीस मागवले असते. याने महाराजांकडे जाऊन एक दिवसाचा महाराज व्हायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. मग जाहीर केलं की यंदाची दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही, ज्या गल्लीतली घरं सगळ्यात स्वच्छ आणि डागडुजी केलेली असतील त्या गल्लीतून जाईल. कचरा फुकट उचलायची सोय केली. झालं, अख्खं गाव कामाला लागलं, वर्षानुवर्षं साठलेला कचरा घरांतून बाहेर निघाला, उंदीर मारले गेले, रंग लागले. मिरवणुकीत घाणीचा राक्षस होता, प्लेगचा भला मोठा उंदीर होता, आणि सफाई कामगार धुतलेल्या पांढऱ्या कपड्यात, गळ्यात हार घालून, मानाने चालत होते. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले.

जे शहर २०१७ पासून सलग स्वच्छतेत पहिलं येतंय त्या शहराची ही जुनी पुण्याई आहे. आणि आजची स्वच्छताही पोकलेनने आलेली नाही ना. ती आली घराघरात ओला कचरा सुका कचरा वेगळा करायला शिकवून, सकाळी गाडी गाणं वाजवत आली की बाया-माणसं डबा घेऊन खाली उतरतात त्या सवयीतून, जे ऐकत नव्हते त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा जाऊन. म्हणजे या शहराच्या यंत्रणेला एकेका दारापर्यंत जाता येतं, माणसाशी बोलता येतं, वाट बघता येते. कचऱ्यासाठी जे करता येतं ते घरासाठी का नाही करता येत? मला या प्रश्नाचं उत्तर कुणी नीट दिलेलं नाही.

आता थोडं या वस्त्यांबद्दल, कारण बाहेरून आलेल्या माणसाला इथे फक्त अरुंद गल्ल्या आणि लटकलेल्या तारा दिसतात. इंदूर होळकरांच्या आधीचं आहे, राव नंदलाल मंडलोईंच्या जमीनदारीचं गाव, नंदलालपुरा अजून त्यांच्या नावाने आहेच. मल्हाररावांनी राजवाड्याची सुरुवात केली, अहिल्याबाईंनी कारभार महेश्वरहून केला, आणि १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली. त्यानंतर सरदार आले, फडातले कारकून आले, पागा आल्या, तोपखाना आला, पुजारी, सराफ, कासार, शिंपी, सगळे आले आणि राजवाड्याच्या भोवती वस्ती घट्ट होत गेली. पंढरीनाथ आहे, चंद्रभागा आहे, पागनीसपागा आहे, मल्हारगंज आणि अहिल्यापुरा आहे. आणि तितकंच बोहऱ्यांचं, जैनांचं, मारवाड्यांचं, मुसलमानांचं इंदूरही तिथेच, त्याच गल्ल्यांत, भिंतीला भिंत लावून. हे सांगायचं कारण असं की या लेखाला कुणी 'मराठी माणसाचं रडगाणं' म्हणून बाजूला ठेवू नये. घर कापलं जातं तेव्हा टेप आडनाव बघत नाही.

या घरांची बांधणी कशी आहे ते समजून घेतल्याशिवाय कापण्याचा अर्थ कळत नाही. जुना वाडा म्हणजे लाकडी खांबांचा सांगाडा, खांबावर तुळया, मध्ये विटा-मातीची भिंत. वजन भिंतीवर नसतं, खांबांवर असतं. शेजारच्या घराशी भिंत सामाईक. आता अशा घराचे पुढचे आठ-दहा फूट कापले की खांबांची पुढची ओळच जाते. तुळया अधांतरी राहतात, त्यांना लोखंडी गर्डरचा टेकू देतात. कापलेली लाकडाची टोकं उघडी पडतात, पावसाचं पाणी आत शिरतं, मग वाळवी. शेजारच्याने स्वतःचा भाग तोडला की सामाईक भिंत ढिली होते. दोन-चार पावसाळ्यांत घर खरंच धोकादायक होतं आणि मग पावसाळ्याआधी जर्जर मकानाची नोटीस येते. म्हणजे कागदावर घराचा फक्त पुढचा भाग गेला, आणि प्रत्यक्षात पूर्ण घर गेलं, फक्त हप्त्या-हप्त्याने. ज्याच्याकडे पैसा आहे तो ते पाडून खाली दुकानं वर हॉस्टेल असं काहीतरी उभं करतो. ज्याच्याकडे नाही तो विकतो.

जुन्या भागातलं असं एक कापलेलं घर माझ्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आहे. वरच्या मजल्याची आतली भिंत आता रस्त्याच्या बाजूला आलीये, फिकट निळा रंग, त्यात देवाचा कोनाडा, कोनाड्याच्या वर दिव्याची काजळी तशीच, बाजूला विजेचा बोर्ड, त्याला अजून काळं बटण. जिन्याच्या सहा पायऱ्या दिसतात आणि सातवी नाही. खाली पत्रे ठोकून आडोसा केलाय. त्या घरातल्या काकू संध्याकाळी ओटल्यावर बसून मटार सोलायच्या, भाजी निवडायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायच्या, कुणाच्या पोराला ताप आलाय, कुणाकडे पाव्हणे आलेत, हे त्यांना गल्लीत सगळ्यांच्या आधी कळायचं. आता ओटला नाही. दाराशी खुर्ची टाकून बसलं तर गाडीचं हँडल लागेल अशी स्थिती, म्हणून त्या आतच बसतात. जुन्या इंदूरमध्ये ओटला म्हणजे दगडाचे चार फूट नव्हते, म्हातारी माणसं लोकांत राहायची ती तिथे बसूनच, आणि गल्लीवर नजर असायची तीही त्यांचीच. त्याची किंमत कुठल्याच मोबदल्याच्या तक्त्यात लावलेली मी बघितलेली नाही.

आता समोरच्या बाजूने जे बोलतात त्यांचं म्हणणं हलकं नाही, ते नीट घ्यायला पाहिजे. पहिलं, ॲम्ब्युलन्स आणि फायर ब्रिगेड. खरं आहे, हार्ट अटॅकच्या माणसाला खुर्चीवर बसवून चौघांनी मेन रोडपर्यंत आणायचं हे या गल्ल्यांमध्ये होतं आणि ते वाईट आहे. पण एकदा गल्लीत चालून बघा गाडी नेमकी कुठे अडते. पूर्ण गल्ली अरुंद आहे म्हणून क्वचितच अडते, जास्त करून एखादा कोपरा असतो, विजेची डीपी असते, खांब असतो, दुकानदाराने पुढे काढलेलं काउंटर असतं आणि सगळ्यात जास्त म्हणजे दोन्हीकडे लावलेल्या टू-व्हीलर. कोपरा मोकळा करा, डीपी हलवा, पार्किंग बंद करा, ॲम्ब्युलन्स पोचेल. आगीचं म्हणाल तर राजवाडा १९८४ मध्ये जळाला, त्याच्यासमोर तर मोकळा चौक आहे, रस्त्याच्या रुंदीने त्याला वाचवलं नाही. लाकडी घरांना आगीपासून वाचवायचं तर गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा हायड्रंट लागतो, लहान गाडी लागते, पन्नास वर्षं जुनी वायरिंग बदलायला घरमालकाला मदत लागते. यातलं काहीही घर न कापता होतं.

दुसरं, ट्रॅफिक. राजवाडा, सीतलामाता बाजार, सराफा, जेल रोड, सणाच्या दिवसात तिथून निघणं म्हणजे खरंच जीव मुठीत. पण रुंदीकरणानंतर काय होतं ते आपण सगळे बघतोय की, जेवढा रस्ता वाढला तेवढ्यात दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या राहतात, त्यांच्या पुढे ठेले, आणि चालायला रस्ता पहिल्याएवढाच. गाडी ठेवायची सोय बाजाराच्या बाहेर, तिथून आत लहान गाड्या, माल उतरवायला फक्त रात्रीची वेळ, आणि गल्ल्या वन-वे, हे आधी मनापासून करून बघा. दोन वर्षं करा. त्यानंतरही जिथे अडेल तिथलं बोलू.

आणि रस्त्यांच्या बाबतीत आपल्या शहराचा अंदाज किती टिकतो हे बीआरटीएसने, म्हणजे रेलिंग लावून फक्त बससाठी वेगळ्या काढलेल्या रस्त्याने, दाखवलंच आहे. निरंजनपूरपासून राजीव गांधी चौराह्यापर्यंत साडेअकरा किलोमीटर, २०१३ मध्ये सुरू झालं, हेच भविष्य म्हणून सांगितलं गेलं, बाहेरगावचे लोक बघायला यायचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने ते काढायला परवानगी दिली. बारा वर्षं. मी बीआरटीएस चूक होतं की काढणं चूक आहे या वादात इथे पडत नाही, पण रेलिंग उखडता येते आणि परत लावताही येते, दीडशे वर्षांचं घर परत लावता येत नाही. ज्या प्लॅनिंगला बारा वर्षांनी मत बदलायची वेळ येऊ शकते त्या प्लॅनिंगने न परतणाऱ्या गोष्टींना हात लावताना दहादा थांबलं पाहिजे, आणि आपल्याकडे उलटं आहे, घर चार दिवसांत जातं.

घेताना चार दिवस आणि देताना? बडा गणपती ते कृष्णपुरा हा रस्ता झाला तेव्हा लोकांनी स्वतःच्या हाताने घरं तोडली, कारण पोकलेनने तोडलं तर शेजारची भिंतही जायची भीती. मोबदला म्हणून रोख पैशापेक्षा वाढीव एफएआर, टीडीआर असलं बोलणं जास्त होतं. वाढीव एफएआर म्हणजे काय, तर तुम्ही उरलेल्या जागेवर जास्त मजले बांधू शकता. ज्याच्याकडे अठरा फूट खोल जागा उरलीये, वय सत्तर आहे, पेन्शनवर घर चालतंय, त्याने मजले कशाने बांधायचे? टीडीआर म्हणजे गेलेल्या जागेच्या बदल्यात मिळणारा, दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क. तो विकायचा म्हटलं तर बिल्डर शोधा, भाव करा, कागद फिरवा. जो बिल्डरच आहे त्याला हे सोन्यासारखं आहे, साध्या माणसाच्या हातात तो कागदच राहतो. कागदावरच्या पैशाची वाट बघणं काय असतं हे इंदूरला वेगळं सांगायला नको. हुकूमचंद मिल ही इथली कापड गिरणी १२ डिसेंबर १९९१ ला बंद झाली आणि मजुरांच्या हक्काचे पैसे सुटायला डिसेंबर २०२३ उजाडावा लागला. मधल्या बत्तीस वर्षांत कितीतरी मजूर गेले, त्यांच्या बायका गेल्या, पैसे नातवांच्या काळात आले. म्हणून माझं म्हणणं, आधी पैसे खात्यात, मग भिंतीला हात. उलट क्रम नको.

मराठी घरांबद्दल मात्र एक बोलायलाच हवं. या भागातून आपली माणसं गेली ती सगळीच रुंदीकरणाने गेली नाहीत. भावाभावांत वाटण्या झाल्या, पोरं पुण्याला-बंगलोरला गेली, वाड्यात दहा भाडेकरू जुन्या भाड्यावर, दुरुस्तीला पैसे नाहीत, मग वाडा विकून सुदामानगर, राजेंद्रनगर, लोकमान्यनगरला फ्लॅट किंवा प्लॉट. यात गैर काही नाही, ज्याला संडासासाठी तीन कुटुंबांची रांग सोसायला लागली त्याने तिथेच राहावं असं सांगायचा कुणाला हक्क नाही. पण वस्ती राखायची जबाबदारी फक्त तिथे उरलेल्यांची आहे असं समजून आपण गणपतीत एकदा आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, बघायला एकदा तिकडे जायचं, फोटो काढायचे आणि जुनं इंदूर कुठे राहिलं म्हणायचं, हे मला पटत नाही. गेरसुद्धा बघा ना. युनेस्कोच्या यादीत जावी म्हणून प्रयत्न चाललेत. लाखो लोक येतात. पण रंग उडतो तेव्हा मजा कुठून येते, दोन्हीकडच्या गॅलऱ्यांमधून माणसं वाकलेली असतात, वरून पाणी, खालून गुलाल, घरं इतकी जवळ म्हणून. गॅलऱ्या कापून गेर जपता येत नाही. तसंच राजवाड्याचं, २० मे २०२५ ला अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीनिमित्त राज्याच्या मंत्रिमंडळाची बैठक राजवाड्यात झाली, छान झालं, मान मिळाला. पण राजवाडा एकटा उभा ठेवून भोवतीची वस्ती काढून टाकली तर उरते ती इमारत.

राजकारणाचं म्हणाल तर आपल्या समाजाने ताकद कुठे लावली ते तपासून बघायला हवं. सुमित्राताई महाजनांना या शहराने आठ वेळा लोकसभेत पाठवलं, त्या लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या, त्याचा अभिमान आहेच. त्याआधी विनायक सीताराम सरवटे संविधान सभेत बसले होते, आज त्यांच्या नावाचं बसस्टँड आहे. पण गल्लीची रुंदी दिल्लीत ठरत नाही. ती मास्टर प्लॅनमध्ये ठरते, मेयर इन काउन्सिलमध्ये, म्हणजे महापौरांच्या समितीत, ठरते, झोन ऑफिसमध्ये ठरते. २०२१ सालापर्यंतचा मास्टर प्लॅन २००८ मध्ये लागू झाला तेव्हा त्याच्या नकाशावर आपल्या गल्लीतून कुठली रेघ जाते हे किती जणांनी बघितलं होतं? रेघ तेव्हाच पडली होती, लाल निशाण नंतर आलं. मास्टर प्लॅनचा मसुदा निघाला की कायद्याने लोकांना हरकती द्यायला तीस दिवस मिळतात, आणि मंडळांच्या, संस्थांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या तीस दिवसांत सुप्रभात आणि वाढदिवस चालू असतात. एवढी मंडळं आहेत आपली, शाळा आहेत, सहकारी बँका-पतपेढ्या आहेत, निवृत्त इंजिनिअर तर प्रत्येक कॉलनीत चार सापडतील. त्यांनी एकेक गल्ली वाटून घेऊन प्रत्येक घराचा साधा कागद केला, बांधणी कशी, वय किती, राहतं कोण, पडकं किती, मोकळी जागा किती, तर हरकत नुसती भावना राहत नाही, तिच्या मागे पुरावा असतो. हायकोर्टातही असाच कागद उपयोगी पडतो, 'आमचं घर वाचवा' हे वाक्य तिथे पुरत नाही.

आणि त्या कागदात भाडेकरूचा रकाना पाहिजेच पाहिजे. आत्ता सगळं बोलणं मालकाशी होतं, नोटीस मालकाला, एफएआर मालकाला. पण या घरांमध्ये चाळीस चाळीस वर्षं राहिलेली भाडेकरू कुटुंबं आहेत, खाली शिलाईचं मशीन टाकून बसलेला मास्टर आहे, घड्याळ दुरुस्तीवाला आहे, पोह्यांचा ठेला जिन्याखाली ठेवणारा आहे. पुढचे दहा फूट गेले की सगळ्यात आधी ही माणसं रस्त्यावर येतात, कारण पुढची खोली आणि ओटला यांच्याच वाट्याला आलेला असतो. त्यांना एक पैसा मिळत नाही, त्यांची नोंदसुद्धा होत नाही. मालकाच्या मोबदल्याबरोबर भाडेकरूला त्याच वॉर्डात जागा, आणि ती मिळेपर्यंतचं भाडं, हे लेखी ठरल्याशिवाय कुठल्याही गल्लीत सेंट्रल लाइन टाकायला टीम येऊ नये, ही मागणी पुढच्या मास्टर प्लॅनच्या हरकतींमध्ये पहिल्या नंबरवर गेली पाहिजे. मालकांच्या मागण्या तिच्या खाली.